बोरीवरचं मॉस आणि शिंजीर

नौपाडा, ठाणे
९ जानेवारी १९५५

ती. राघोमामांना तुळसाचा नमस्कार.

दिवाळीनंतर तुम्ही काड्यापेटीत घालून जे शेवाळ आणून दिलंत, त्याबद्दल हे पत्र आहे. पाकीट पाहून घाबरू नका. मिठागरावर घरी सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा तेवढा दुखतो. घाबरले आहे ती मी, आणि तीही चांगल्या बातमीनं.

तुम्हांला आठवत असेल, मी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, की झाडावर, दगडावर, विहिरीच्या काठावर जे मऊ, हिरवं, दाट उगवतं ते दिसलं तर चिमूटभर कागदात बांधून आणा. त्याला आमच्या विषयात मॉस म्हणतात. माझे कॉलेजातले आठल्ये सर ठाणे जिल्ह्यात सापडणाऱ्या मॉसची यादी करत आहेत. कॉलेज संपून मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, त्याला दीड वर्ष झालं; पण सरांना नमुने पाठवणं मी सोडलेलं नाही.

काल सरांचं पत्र आलं. मी पाठवलेल्या सोळा नमुन्यांपैकी पंधरा नेहमीचे निघाले. सोळावा तुमचा. सर लिहितात, लाल दांड्याचं हे मॉस युरोपातल्या थंड रानांत पसरलेलं असतं. आपल्या बाजूला ते कोणी पाहिल्याची नोंद त्यांना अजून सापडलेली नाही. त्यांनी तीन वेळा भिंगाखाली धरून पाहिलं. शेवटी लिहिलंय, "तुझी नजर चांगली आहे." मामा, सर असं कोणाला लिहीत नाहीत.

म्हणून आता मला नीट सांगा. काड्यापेटी देताना तुम्ही "झाडावरनं काढलं" एवढंच म्हणालात. कोणतं झाड? खोडावर होतं की फांदीवर? जमिनीपासून किती उंच? अजून तिथं आहे का? जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, अंदाज नको.

मामींना नमस्कार.

तुमची तुळसा


मोहने
१४ जानेवारी

चि. तुळसा हिला राघोमामाचा आशीर्वाद. तिळगूळ मामी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर धाडील.

तुझं पत्र आलं. त्यात तुमी, तुमांला, तुमचं असं वाचून मी मागं वळून पायलं, आणखी कोण उभं हाय काय. मना तू म्हण गो बाय. मिठागरावरच्या झोपडीत तू तिसरीत असताना पाटीवर मना अक्षर शिकवलंस, चुकलो की टपली मारायचीस, तेव्हा काय तुमी बोलायचीस? आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली तू पयली, आणि तुझ्या पाटीवरनं शिकलेला मी दुसरा. मास्तरीण होऊन आता लाजू नको.

तर ऐक. झाड बोरीचं. कारखान्याच्या ज्या आवारात मी राखणीला असतो, तिथं बाहेरदेशी सामानाची खोकी फोडायची शेड हाय. तिच्या मागं ही बोर. उंची माझ्या डोक्याएवढी. फांदीवर होतं. झाडावर होतं नि झाडावरनंच काढलं, यात फरक नाय.

मी सगळ्यांना सांगितलं, युरोपातलं शेवाळ माझ्या हाताला लागलं. मुकादम बोलला, "राघो, आता तुला इमानात बसवून नेतील, म्हणतील दुसरं काय सापडतंय ते बघ." मी बोललो, "नेऊ देत, पण राखणीला तू बस."

तुझ्या मॉसवर फुलचुखी पाखराचा डोळा हाय. बोरीवर दुसरं घर बांधाया घेतलंय तिनं. दिवसभर तेच चोचीत घेऊन येते नि चिकटवते. नवरा निळाजांभळा चमकत बाजूला बसून नुसता ओरडतो. मामी म्हणते, सगळीकडं हेच.

मामा


नौपाडा, ठाणे
२३ जानेवारी

मामा,

बरं, तू. पण हे पत्र हसत वाचू नकोस.

सरांची यादी मार्चमध्ये मुंबईच्या एका सभेत वाचली जाणार आहे. त्यात तुझं मॉस असेल आणि "गोळा करणारी: कु. तुळसा काळुराम म्हात्रे" असं माझं नाव असेल. दुसरी गोष्ट मी अजून बाबांनाही सांगितलेली नाही. जूनपासून सरांच्या प्रयोगशाळेत संशोधनाची एक जागा भरायची आहे. दोन नावं पुढे आहेत. एक सुधीर म्हणून पुण्याचा मुलगा. त्याच्या घरात आजोबांपासून कपाटभर पुस्तकं आहेत. दुसरं माझं. सर म्हणाले, या मॉसमुळे माझं पारडं जड झालं आहे.

मला ती जागा किती हवी आहे ते लिहायलाही भीती वाटते. शाळेत मी शिकवते ते दुसऱ्यांनी शोधलेलं असतं. एकदा तरी काहीतरी मी शोधलेलं असावं.

आता जे टोचतं ते सांगते. सर प्रत्येक नमुन्याबरोबर एक छापील चिठ्ठी भरायला देतात. कुठे, केव्हा, कशावर. शेवटी विचारलेलं असतं, "उगवलेले स्वतः पाहिले काय?" तुझ्या काड्यापेटीच्या चिठ्ठीवर मी "होय" लिहिलं. मामा, मी मोहन्याला आलेच नव्हते. लिहिताना मला ते खोटं वाटलंच नाही. मीठ धरलं की नाही ते बाबांनी बांधावरून पाहिलं, की आपल्या घरात सगळ्यांनी पाहिल्यासारखं असतं. कोणी म्हणत नाही की मी नाही पाहिलं, मला विचारू नका. तू पाहिलंस म्हणजे घरच्याच डोळ्यांनी पाहिलं, असं मी धरलं. चिठ्ठी पोस्टात पडल्यावर मला कळलं की तिथं घराबद्दल विचारलेलं नव्हतं, माझ्याबद्दल विचारलं होतं.

ही चूक दुरुस्त करायचा एकच मार्ग आहे, की मी येऊन ते पाहावं. येत्या रविवारी, तीस तारखेला येते. आणि सरही येणार आहेत, फेब्रुवारीच्या सत्तावीस तारखेला. त्यांना मॉस जागेवर पाहायचं आहे.

तुझी फुलचुखी म्हणजे शिंजीर असावी. एक विचारते, नीट उत्तर दे. ती चोचीत मॉस आणते, ते कुठून आणते? झाडावरून काढते की आणखी कुठून?

तुळसा


मोहने
२७ जानेवारी

चि. तुळसा हिला आशीर्वाद.

रविवारी येऊ नको. मना दिवसभर पाळी हाय, आवारात कुणाला सोडत नाय. नंतर ये.

मॉस थोडं कमी झालंय, पण तू काळजी करू नको. तुझे सर येतील तेव्हा भरपूर दिसंल. एवढं दिसंल की सर बोलतील, राघोबा, हे तर युरोपातपण नाय. ते माझ्यावर सोड.

तू जागेचं लिवलंस ते मी कुणाला बोललो नाय. मामीलापण नाय. पण मी जेवताना हसलो तेव्हा ती बोलली, काय गिळलंय?

वेळेवर जेव.

मामा


नौपाडा, ठाणे
६ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी सात-आठ वेळा वाचलं. मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. शिंजीर मॉस कुठून आणते?

आणि "भरपूर दिसेल" म्हणजे काय? मॉस महिन्याभरात भरपूर होत नसतं. त्यातून हे दिवस सुकण्याचे. आमच्या शाळेच्या आडावरचं सगळं मॉस केव्हाच तपकिरी होऊन मिटलंय.

सरांनी मला एक काम दिलंय. मॉस इथं कसं पोचलं असेल यावर त्यांचा एक तर्क आहे, की हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या एखाद्या पक्ष्याच्या पायाला लागून आलं असावं. म्हणून त्यांनी मला एका पानावर दोन रकाने आखायला सांगितले. एकात मॉस, एकात पक्षी. दोघांचं चालणं, खाणं, घर, ऋतू सगळं समोरासमोर लिहायचं. मी सरांच्या पाहुण्या पक्ष्याऐवजी तुझी शिंजीर घेतली, कारण त्या झाडावर नक्की असलेला पक्षी तोच.

शिंजिरीला पंख आहेत, पण ती आवाराबाहेर फारशी जात नसावी. जास्वंदी, बोर, शेवगा एवढंच तिचं जग. मॉसला पाय नाहीत, मूळसुद्धा नाही, आणि ते समुद्र ओलांडून आलं. शिंजीर दर थोड्या वेळानं खाल्लं नाही तर मरेल. मॉस महिनोन्महिने कोरडं पडून राहतं आणि पाणी मिळालं की हिरवं होतं. शिंजीर स्वतः जागा निवडते. मॉस निवडत नाही, जिथं पडेल तिथं. इथवर लिहिलं आणि हात थांबला. जो निवडत नाही, जो चालत नाही, त्याला कोणीतरी आणलेलं असतं. इतक्या लांबून कोणी आणलं? सरांचा तर्क मला पटायला हवा, तो माझ्या फायद्याचा आहे. पण पटत नाही.

इथं शाळेजवळच्या खोलीत माझ्याबरोबर राहणाऱ्या गोदाताई, त्या मराठी शिकवतात, म्हणाल्या, "तुळसे, लोक सापडलं म्हणून नाचतात, तू सापडलं म्हणून रडतेस." मी हसले. पण मामा, तू काय ते लिही. लगेच लिही.

तुळसा


मोहने
१० फेब्रुवारी

चि. तुळसा हिला आशीर्वाद.

एवढी काय घाबरतेस? आता सगळं जमून आलंय म्हणून सांगतो. सर जाईपर्यंत सांगणार नव्हतो.

बाहेरदेशी खोक्यांत काचेचं सामान येतं. ते फुटू नये म्हणून खोक्यात गवत नि तुझं हे मॉस सुकवून कोंबलेलं असतं. खोकं फोडलं की ते शेडमागं टाकतात. तिथं मोठा ढीग हाय. फुलचुखी त्या ढिगातनं उचलते. दिवाळीनंतर तिचं रिकामं घर बोरीच्या फांदीला लोंबत होतं, त्याच्या बाहेरच्या अंगाला हे चिकटलेलं. ते मी काढून काड्यापेटीत घातलं. झाडावरनंच काढलं, मी खोटं बोललो नाय.

तुझं दुसरं पत्र आलं नि मी बोललो, सर झाडावर बघाया येतील नि घरट्यात बघून परत जातील, पोरीची जागा जाईल. म्हणून मी ढिगातलं चांगलं चांगलं निवडलं. पेजेत माती कालवून बोरीच्या खोडाला थापली, तिच्यावर मॉस बसवलं, वरनं सुतळी गुंडाळली. चार दिवसांनी सुतळी सोडली. एक काडी पडली नाय. सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो. आता येऊन बघ, हिरवंगार! मुकादम बोलला, राघो, झाडाला शाल पांघरलीस काय?

तुला हे खोटं वाटंल म्हणून आधीच बोलतो. आपण भात राबात पेरतो, रोप वर आलं की उपटून खाचरात लावतो. त्या भाताला कोण खोटं भात बोलतंय? जिथं लावलं तिथलं ते पीक. हे पण मी लावलंय. जगलं तर तुझंच.

तुझ्या दोन रकान्यांत माझी भर घाल. फुलचुखी दहा काड्या उचलते, नऊ टाकते, एक ठेवते. नि तिचं घर वीतभर जरी सरकवलं तर ती सोडून जाईल, परत यायची नाय. मॉस कुठंही चिकटवा, गप बसतं.

मामा


नौपाडा, ठाणे
१५ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र शनिवारी आलं. आज मंगळवार. तीन दिवस मला पेन धरवलं नाही.

मी रागावलेली नाही. रागावले असते तर सोपं होतं. तू पेजेत माती कालवतो आहेस, सुतळी गुंडाळतो आहेस, बादली घेऊन उन्हात उभा आहेस, हे सारखं डोळ्यांसमोर येतं आणि रडू येतं.

पण ते भात नाही, मामा. भात खाचरात रुजतं, वाढतं, ओंबी धरतं. हे मॉस भिजलं म्हणून हिरवं दिसतं. मी शाळेत एकदा मुलींना वर्षभर जुनं, वहीत दाबून ठेवलेलं मॉस बशीत भिजवून दाखवलं होतं. तेही घटकाभरात हिरवं झालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ते जिवंत नव्हतं. आणि सर खोडावर जगणारं मॉस पाहायला येत आहेत. ते पाहतील, त्यांना आनंद होईल, ते सभेत वाचतील, ते छापून येईल, आणि ते सगळं तुझ्या बादलीवर आणि माझ्या एका "होय"वर उभं असेल.

गोदाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यात काय? मामांना म्हणावं काढून टाका. सरांना म्हण, वाळून गळून पडलं. या दिवसांत वाळतंच की! नाव राहील, जागा मिळेल, कोणाचं काही बिघडत नाही." मामा, यात खोटं असं काहीच दिसत नाही. खरंच काढून टाकलं तर ते तिथं नसेल. मॉस खरंच या दिवसांत वाळतं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि गप्प बसायचं. मी दोन दिवस यावर विचार केला. विचार केला हे तुझ्यापासून लपवत नाही.

तू आता काहीही करू नकोस. पाणी घालू नकोस, काढूही नकोस. घरट्याला हात लावू नकोस. मला ठरवू दे.

तुळसा


मोहने
१८ फेब्रुवारी

चि. तुळसा,

तुझं पत्र यायच्या आधीच खोड धुवून काढलं होतं. तुझी चिठ्ठी आली नाय दोन दिवस, तेव्हाच मना कळलं काय तरी चुकलंय. काढू नको लिवलंस ते नंतर वाचलं. तेवढं माफ कर.

मी तुझं वाटोळं केलं काय गो? मना वाटलं, तू एकटी एवढी शिकलीस, आमी कुणी तुला पुस्तकातली मदत करू शकलो नाय. हे एक काम हाताचं होतं, ते मी करीन.

आता असं कर. सरांना सांग, मामा खोटं बोलला. बोल, मामा अडाणी हाय, त्याला यातलं कळत नाय, त्यानं फसवलं. अडाण्याचं कुणी मनावर घेत नाय. तुझ्यावर येणार नाय. मी सरांसमोर उभा राहून कबूल करीन.

घरट्याला हात लावला नाय. त्यात दोन अंडी हायत. बाहेरच्या अंगाला ते लाल दांड्याचं मॉस चिकटवलंय, कागद पण, नि सुताचा एक धागा. तुला वाटलं तर मी ते घरटं... नाय, ते मी करणार नाय. तू पण सांगणार नाहीस, ठाऊक हाय.

मामा


नौपाडा, ठाणे
२१ फेब्रुवारी

मामा,

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी मुंबईला सरांकडे गेले. तुझं पत्र सकाळीच हातात पडलं होतं. "मामा अडाणी" हे शब्द वाचले आणि ठरलं. तसं मी कोणालाही सांगणार नव्हते, मग सगळं खरं सांगण्यावाचून दुसरा मार्ग उरला नव्हता.

सर प्रयोगशाळेत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसले असते तर धीर गेला असता. खोकी, ढीग, शिंजिरीचं घरटं, तुझी काड्यापेटी. तू खोडाला मॉस लावलंस तेही सांगितलं. लपवलं असतं तर पुन्हा अर्धंच झालं असतं.

सर म्हणाले, "चिठ्ठीवर 'होय' कोणी लिहिलं?"

"मी."

"मामांनी सांगितलं म्हणून?"

"मामांनी पाहिलं म्हणून. त्यांनी काय पाहिलं ते मी विचारलं नाही. त्यांनी मला खोटं सांगितलं नाही सर, मी अर्धं ऐकलं आणि पूर्ण लिहिलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "थंड देशातलं मॉस आपल्या उन्हाळ्यात टिकलं कसं, हा पहिला प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला ते हवं होतं ना." मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी यादीतली ती ओळ माझ्यासमोर खोडली. चिठ्ठी फाडली नाही. "होय" खोडून "नाही" लिहायला लावलं आणि शेजारी तारीख घालून सही घेतली.

जागेबद्दल मी विचारलं नाही. ते बोलले नाहीत. दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "सत्तावीसला मी येतोच. मॉस पाहायला नाही. ती पक्षीण ढिगातून काय उचलते आणि काय टाकते, ते तुझ्या मामांनी पाहिलंय. मला दाखवतील का विचार."

दाखवशील ना? मीही येते. मामींना सांग, सर मासे खातात.

जागेचं काय झालं असेल ते कळत नाही. पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जाते.

तुळसा


मोहने
१ मार्च

चि. तुळसा हिला राघोमामाचा आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, सर आले, सगळं तू पायलंस. पण एक गोष्ट तू पायली नाहीस, ती लिवतो. तू मामीला कालवण उतरवाया शेडशेजारच्या आमच्या खोलीत गेलीस तेव्हा मी नि सर बोरीखाली दोघंच होतो.

तोवर त्यांनी तास-दीड तास नुसतं बघितलं होतं. फुलचुखी अंड्यांवरनं उठून ढिगावर यायची, काडी उचलून टाकायची की ते वहीत रेघ मारायचे. मना विचारायचे, ही का टाकली? मी बोललो, साहेब, तिलाच विचारा. ते हसले. त्यांना हसताना बघून मना धीर आला. मी विचारलं, "साहेब, पोरीची जागा?"

सरांनी वही मिटली. बोलले, "राघोबा, जागा त्या पुण्याच्या मुलाला दिली. शुक्रवारी ठरलं. ठरवणारे आमी पाच जण. मी तिचं नाव पुढं केलं, पण चिठ्ठीची गोष्ट सांगणं मना भाग होतं. तिघं बोलले, जिनं न बघता होय लिवलं तिला कशी घ्यायची?" मी बोललो, तिनंच तर येऊन सांगितलं! सर बोलले, "तेपण मी बोललो."

मंग बोलले, "आज तिला सांगू नका. आज ती खूश हाय. मी पत्रानं सांगीन, जरा नीट शब्दांत." मी मान हलवली. तू भाकरीची टोपली घेऊन बाहेर आलीस. पंगतीत तू सरांना बोललीस, या घरट्यावर मी पानभर लिवीन, नि हसलीस. इतक्या महिन्यांत मी तुला हसताना बघितलं नव्हतं. मी वाढलेली भाकर बाजूला सारली. मामी बोलली, मीठ जास्त झालं काय? मी बोललो, नाय.

दोन दिवस गप बसलो. सरांना शब्द दिला होता, तो आता मोडतो. तुला मी एकदा अर्धं सांगितलं नि काय झालं ते बघितलं. ही जागा गेली गो बाय. गेली. दुसरं काय मना लिवता येत नाय.

सर आणखी एक बोलले. मना पुरतं कळलं नाय, म्हणून ऐकलं तसं लिवतो. "पुढल्या वेळी ती मना आवडंल ते लिवणार नाय, असंल ते लिवील. म्हणून मना ती हवी." पुढली वेळ कधी, ते बोलले नाय. मी विचारलं, तेव्हा तू बाहेर आलीस.

पिल्लं निघाली. दोन्ही.

मामा


नौपाडा, ठाणे
४ मार्च

मामा,

तुझं पत्र काल आलं, सरांचं आज. त्यात तीच बातमी होती, पण इतक्या मऊ शब्दांत गुंडाळलेली, की मी ते पहिल्यांदा वाचलं असतं तर संध्याकाळपर्यंत आशा धरून बसले असते. तुझं आधी वाचलेलं होतं म्हणून सरांचं मी वर्गाबाहेर उभ्यानं वाचलं, घडी घातली, आणि आत जाऊन सातवीचा तास घेतला. काल मात्र रडले. गोदाताईंनी चहा करून ठेवला.

जूनमध्ये मी याच शाळेत असेन. पुढली वेळ येईल की नाही याची मला फार भीती वाटते. सुधीर चांगला असेल, तो तिथं वर्षानुवर्षं राहील, सर निवृत्त होतील, माझी वही तशीच राहील. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. तुला लिहिते, कारण तू "काळजी करू नको" असं या वेळी लिहिलं नाहीस.

शिंजिरीवरचं पान मी लिहिते आहे. तू पाहिलंस ते तुझ्या नावानं, मी पाहिलं ते माझ्या. तुझ्या भागात माझ्या ओळी घुसत तर नाहीत ना, हे दर दोन वाक्यांनी तपासते. काम फार हळू चाललंय. पिल्लं उडेपर्यंत रोज काय दिसतं ते लिहून ठेव. काही दिसलं नाही तर तसंही लिही.

सरांना आजच उत्तर टाकलं. त्यांच्या पत्राआधीच मला सगळं कळलं होतं आणि तू शब्द मोडून कळवलंस, हेही त्यात लिहिलं. न लिहिता भागलं असतं, पण मग त्यांना वाटलं असतं की मी ही बातमी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकली. ते रागावतील बहुतेक. रागावले तर निम्मं तू सोस, निम्मं मी.

तुळसा